झील धरणारा मानसिंग

मानसिंग काशीदचा आवाज पहिल्यांदा कामाला आला तो उसाला पाणी द्यायला. माढा तालुक्यातली त्याची वाडी, आणि लाइट दिवसातून केव्हा येईल याचा काही नेम नसायचा. लाइट आली की मानसिंग बांधावर उभा राहून "आली रं" अशी हाळी द्यायचा, आणि ती हाळी तीन शेतं, एक ओढा आणि बाभळीचं बन ओलांडून पार पलीकडच्या मळ्यात पोचायची. तिकडची माणसं मोटारी चालू करायची. एकदा त्यानं नुसती गंमत म्हणून हाळी दिली, तर अकरा जण अनवाणी विहिरीकडं पळाले. त्या दिवशी मानसिंगला घरी जेवायला पोचायला फार उशीर झाला, कारण वाटेवर त्या अकराही जणांची घरं होती.

या हाळीवरच शाहीर अभिमन्यूंनी त्याला शोधून काढलं. शाहीर मोहोळचे. मोटारसायकलवरनं कुर्डुवाडीकडं निघाले होते, हाळी ऐकून गाडी बाजूला लावली आणि उसाच्या सरीतनं चालत आत आले. पुन्हा एकदा ओरड म्हणाले. मानसिंग म्हणाला, लाइट काय दोनदा येत न्हाय. शाहिरांना ते उत्तरही आवडलं आणि आवाजही. पुढच्या महिन्यात मानसिंग त्यांच्या पार्टीत होता, शाहिरांच्या मागं डाव्या अंगाला, हातात तुणतुणं घेऊन. तेव्हा त्याचं वय सत्तावीस. त्या जागेवर तो सव्वीस वर्षं उभा राहिला.

झील धरणं म्हणजे काय, हे ज्यांनी समोर बसून पोवाडा ऐकला त्यांना सांगायला नको. पण हल्ली पोवाडा मोबाइलवर ऐकतात, म्हणून सांगतो. शाहीर पुढं उभा राहून ओळ म्हणतो. ओळीचं शेपूट मागचा झीलकरी उचलतो, वर नेतो, लांबवतो, "जी जी रं जी" करून ठेवून देतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा तर नुसता साथीला आहे. पण तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, घाम पुसतो, पुढची ओळ आठवतो. आठवली नाही तर झीलकऱ्यानं ते ओळखायचं आणि झील सोडायचीच नाही. एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमात शाहीर भर रंगात पोवाड्याचा अख्खा चौकच, म्हणजे कडवंच, विसरले. मानसिंगनं झील अशी काही फिरवली, खाली आणली, परत वर नेली, की शाहिरांना चौक आठवून पुन्हा विसरायला वेळ मिळाला असता. लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. शाहिरांना दिल्या. त्यात कुणाची चूक नाही, दिसतो त्याला माणूस टाळ्या देतो.

पार्टी वाढत गेली. आधी जीप, मग स्वतःची छोटी बस, बसवर फेटेवाल्या शाहिरांचं हे एवढं चित्र. कॅसेटी निघाल्या, टीव्हीवर बोलावणं आलं. नवरात्रापासून चैत्रापर्यंत सुपाऱ्या लागलेल्या असायच्या. निवेदक गावोगाव एकच सांगायचा, "शाहीर अभिमन्यू आणि पार्टी". मानसिंग त्या 'आणि पार्टी'त होता. पहिली वीस वर्षं त्याला याचं काही वाटलं नाही.

मग वाटायला लागलं. पन्नाशीनंतर माणसाला बऱ्याच गोष्टी वाटायला लागतात. कुणी यात्रेत हात धरून सांगायचं, नाना, खरा आवाज तुमचा. एक म्हातारी तर म्हणाली, त्या पुढच्याला जरा बाजूला व्हायला सांगा की, तुमी दिसत न्हाय. मानसिंग त्यावर हसला, पण ते बोलणं त्याच्या अंगात राहिलं. एका दसऱ्याला त्यानं शाहिरांकडं एकच पोवाडा पुढं उभं राहून म्हणायला मागितला. फक्त एक. शाहीर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खूप वेळ विचार केला आणि खरं तेच सांगितलं, की मानसिंगा, तू पुढं आलास तर मागं कोण? हे कौतुक होतं. मानसिंगला ते दार लावून घेतल्यासारखं लागलं. त्यानं तुणतुणं बसमध्ये ठेवलं, एसटी धरली आणि वाडीला आला.

घरी आल्याबरोबर त्यानं बायकोला, बजाबाईला, सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी पारावर सगळ्या गावाला सांगितलं, की इथून पुढं मानसिंग काशीद गाईल तर पुढं उभं राहून, स्वतःच्या नावानं. कुणाच्या मागं उभं राहणं संपलं. असं गावादेखत बोललेलं माणसाला मागं घेता येत नाही. बजाबाई एवढंच म्हणाली, "ऱ्हावा की पुढं. मला काय, मी कुटं हाय तितं."

त्यानं स्वतःची पार्टी बांधली. ढोलकीला दुधनीचा सिद्धाराम आला, जो शाहिरांकडनं वर्षापूर्वीच भांडून निघाला होता. सिद्धारामची आई कानडी, बाप कानडी आणि ढोलकी मराठी, असं तो स्वतःच सांगायचा. झिलेला वाडीतलेच दोन भाचे. पहिला कार्यक्रम मिळाला शिवजयंतीचा, मोहोळच्या एका चौकात, सकाळी मिरवणुकीच्या आधी. पाटीवर मोठ्या अक्षरात 'शाहीर मानसिंग काशीद'. फेटा नवा, अंगरखा नवा.

त्या सकाळी जे झालं ते फक्त झीलकऱ्याच्याच हातून होऊ शकतं. सिद्धारामनं ढोलकीवर उठाव घेतला आणि समेवर आणून ठेवला. मानसिंग उभा. सिद्धारामनं पुन्हा एक आवर्तन घेतलं. मानसिंग उभा, छाती भरलेली, मान जराशी कललेली, अगदी तयारीत. तिसरं आवर्तन झालं. लोकांना वाटलं, काहीतरी ध्यान चालू आहे. शेवटी सिद्धाराम ढोलकी न थांबवता पुढं वाकला.

"यप्पा, कुणाची वाट बघता नाना? शाहीर येत न्हाय आता. शाहीर तुमीच हाय."

तेव्हा मानसिंगच्या लक्षात आलं, की तो पहिल्या ओळीची वाट बघत होता. सव्वीस वर्षं दुसऱ्या कुणीतरी सुरू केलेलं त्यानं संपवलं होतं. गाणं सुरू कसं करतात हे त्याच्या गळ्याला ठाऊकच नव्हतं. पोवाडे सगळे पाठ, पण शेपटाकडून. आणि कसंबसं सुरू केलं तर दुसरी गंमत. पाय आपोआप अर्धं पाऊल मागं जायचे, कारण जन्मभर जागा तीच. माईकवाला बिचारा माईक पुढं सरकवायचा, की मानसिंग अजून मागं. असं करत करत दोघं मागच्या कापडी पडद्यापर्यंत पोचले, आणि शेवटचा चौक मानसिंगनं पाठीला पडदा लावून म्हटला. ओळीची सुरुवात कुणाला ऐकू गेली नाही, शेवट मात्र भाच्यांच्या आधी तोच उचलायचा आणि असा उचलायचा की कावळे उडायचे.

दुसरा कोणी असता तर त्या दिवशी फेटा उतरवून ठेवला असता. मानसिंग शेतकरी गडी. त्यानं ठरवलं, शिकायचं. पहाटे उसात जाऊन तो नुसत्या सुरुवाती म्हणायचा. एकेक ओळ निम्म्यात तोडायचा आणि पुढं जायचाच नाही, म्हणजे गळ्याला सवय लागावी. शेजारच्या शेतातला माणूस बजाबाईला विचारायला आला, की नानांचं सगळं अर्ध्यावरच का थांबतं, डॉक्टरला दाखवलं का. पंचायत समितीतल्या एका ओळखीच्या कारकुनानं मतदान जागृतीचं काम मिळवून दिलं. तेव्हा त्यानं बाजारतळांवर, शाळांच्या ओसरीवर, एकदा तर निम्म्या भरलेल्या एसटीत उभं राहून गाणी म्हटली. मग कोरोना आला. दोन वर्षं सगळंच बंद. त्या दोन वर्षांत त्याचं श्रोतामंडळ म्हणजे एक म्हैस आणि ऊस. पण काम झालं. पुन्हा कार्यक्रम सुरू झाले तेव्हा मानसिंग माईकपासून हलत नव्हता आणि पहिली ओळ अशी टाकायचा की माणूस चहाचा कप खाली ठेवून बघायचा.

म्हणजे जमलं. ते खरंच जमलं, आणि सांगायचं ते यानंतरचंच.

बजाबाईच्या गुडघ्यांच्या इलाजासाठी दोघं सोलापुरात राहायला आली. मुलगी ऋतुजा तिथं एका दवाखान्यात नर्स आहे, तिची खोली विडी घरकुलाजवळ. मानसिंगला महिन्याला एखाददुसरा कार्यक्रम मिळायचा, पाटीवर नाव असायचं, लोक नावं ठेवत नव्हते. पण कार्यक्रम करून आला की तो गप्प बसायचा. पूर्वी पार्टीतून आला तर दोन दिवस सांगणं संपायचं नाही, शाहिरांनी कुठली ओळ कशी फिरवली, कुठं हात वर केला. आता ऋतुजा विचारायची, अण्णा, कसं झालं. चांगलं झालं, म्हणायचा, आणि ताटाकडं बघायचा. ऋतुजानं रक्तदाब मोजला. रक्तदाब उत्तम होता.

महिला दिनाला वस्तीतल्या बचत गटांनी समाजमंदिरात दुपारचा कार्यक्रम ठेवला. मुख्य गाणं शाहीर मानसिंग काशीद यांचं. त्याआधी दहा मिनिटं वस्तीतल्याच एका बाईला दिली होती, धनलक्ष्मी येमूल. वय पंचेचाळीसच्या आसपास, तीस वर्षं विड्या वळणारी. घरात बोलणं तेलुगू, बाहेर मराठी. महापालिकेच्या शाळेत एका गुरुजींनी स्नेहसंमेलनासाठी पोवाडा बसवून घेतला होता, ती चाल तिच्या डोक्यात राहिली ती राहिलीच. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि हात चालू असताना तिनं त्या चालीवर स्वतःचा पोवाडा बांधला होता. राजाचा नाही, लढाईचा नाही. तिची आजी नरसम्मा तेलंगणातून एका गाठोड्यात मागावर सूत इकडून तिकडं नेणारा धोटा बांधून सोलापूरला कशी आली, त्याचा.

मानसिंग फेटा बांधून विंगेत उभा होता. धनलक्ष्मीनं सुरू केलं आणि त्याचा हात फेट्यावरच राहिला. काय सुरुवात होती. त्यानं पाच वर्षं उसात जे शिकून घेतलं, ते हिला न शिकता येत होतं. पण दुसऱ्याच ओळीच्या शेवटाला तिचा दम तुटला. तंबाखूच्या धुळीनं छातीत काही ठेवलं नव्हतं. मागच्या दोघी बायका झांजा वाजवत होत्या, पण त्यांनी शेवट उचलला नाही, कारण तो उचलायचा असतो हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज पुन्हा काठावर आला, आणि मानसिंगचा गळा त्याला न विचारता उघडला.

विंगेतनं, माईकशिवाय. तिनं सोडलेला शेवट त्यानं जमिनीवर पडायच्या आत धरला आणि वर नेला. धनलक्ष्मीनं वळून पाहिलं नाही. श्वास घेतला आणि पुढची ओळ टाकली. समोरच्या बायका शोधत होत्या, आवाज कुठून येतोय, कुणाला वाटलं मोबाइलवर काहीतरी लावलंय. सिद्धारामनं विंगेतच ढोलकी मांडीवर ओढली. दहा मिनिटांचा कार्यक्रम अर्धा तास चालला. नरसम्मा गाठोडं घेऊन निघाली ती सोलापुरात पोचून, माग मांडून, पहिलं लुगडं विणूनच थांबली. त्यानंतर शाहीर मानसिंग काशीद यांनी दोन चौक म्हटले आणि आटोपतं घेतलं. व्यवस्थापक बाई जरा नाराज झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर धनलक्ष्मी त्याच्याकडं आली.

"नाना, तुम्ही हे गाणं आधी कुठं ऐकलं होतं?"

"न्हाय. कुटं ऐकणार?"

"मग मी कुठं सोडणार ते कसं कळलं?"

"तुमचा खांदा खाली येतो," मानसिंग म्हणाला. "दम संपायच्या जरा आधी. ते बघायचं असतं."

तिनं नकळत स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाली, की हे गाणं आज पहिल्यांदा पूर्ण झालं, घरीसुद्धा कधी झालं नव्हतं. पुढं गाणार का, असं मानसिंगनं विचारलं. दम कुठाय, तंबाखूनं खाल्ला, असं ती सहज म्हणाली, स्वयंपाकातलं मीठ संपलं म्हणावं तसं. मग तिनं सरळ विचारलं, तुम्ही मागं उभे राहाल का. मानसिंगनं सांगितलं, की बाई, मागं उभं राहणं मी सोडलंय, सगळ्या गावादेखत सोडलंय. तिनं मान हलवली आणि झांजा आवरायला गेली.

रिक्षात सिद्धाराम मांडीवर तिचीच चाल वाजवत होता. उतरताना म्हणाला, "नाना, आज तुमी घरी जाऊन गप्प बसणार न्हाय, बघा."

आणि तसंच झालं. त्या संध्याकाळी मानसिंग बजाबाईला आणि ऋतुजाला नरसम्माची गोष्ट सांगत बसला, ती बाई ओळ कशी टाकते, धोट्याचा आवाज शब्दात कसा आणते. सांगता सांगता मध्येच थांबला. आपण किती वर्षांनी असं सांगतोय, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

आता दैवाची चाल बघा. त्याच आठवड्यात शाहीर अभिमन्यूंचा फोन आला. शाहीर सत्तरीला आले होते, आवाज थकला होता. महाराष्ट्र दिनाला सोलापुरात मोठा कार्यक्रम, आणि शाहीर म्हणाले, मानसिंगा, मी चुकलो होतो. एक अख्खा पोवाडा तू पुढं उभा राहून म्हण, पाटीवर माझ्या बरोबरीनं तुझं नाव. ज्या गोष्टीसाठी त्यानं पार्टी सोडली, ती गोष्ट पाच वर्षांनी आपल्या पायांनी चालत आली होती. हो म्हटलं तर गावात बोललेलं खरं होणार होतं, आणि तेही असं, की गावाला बोलायला जागा उरली नसती. मानसिंगनं आठ दिवसांची मुदत मागितली.

ते आठ दिवस त्यानं चालण्यात घालवले. सकाळी तलावापर्यंत, संध्याकाळी पार्क चौकापर्यंत. वाटेत तो एकच हिशेब करत होता, की पुढं उभं राहून गाताना आपलं काय हरवतं. गाणं चांगलं होतं, लोक मान डोलावतात, मग जेवताना तोंडाला चव का नसते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, रसवंतीच्या बाकड्यावर बसलेला असताना, त्याला ते सापडलं. त्यानं रसाचा पेला तसाच ठेवला आणि उठला. रसवाला मागनं हाका मारत राहिला.

मुदत संपायच्या आधीच तो मोहोळला गेला. फोनवर सांगायची गोष्ट नव्हती ती. शाहीर ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांच्या पाया पडून मानसिंग पायरीवर बसला.

"शाहीर, पुढं उभं ऱ्हाऊन पाह्यलं. जमतं मला."

"मग?"

"जमतं, पन गाताना मी ज्याचं ऐकावं असं माझ्या पुढं कुणी उरत न्हाय."

शाहीर उन्हातनं जरा सावलीला सरकले. ते काही कच्चे नव्हते. म्हणाले, "मागंच उभं ऱ्हायचं तर माझ्या मागं का नको?"

याचं उत्तर मानसिंगनं वाटेवर तयार केलेलं नव्हतं, पण ते त्याच्याजवळ होतं. "तुमचं सगळं मला पाठ हाय, शाहीर. तुमी कुटं थांबणार, कुटं विसरणार, मला घरी बसून कळतं. सोलापुरात एक विडीवाली बाई गाती, तिचं कळत न्हाय. कवा काय नवं काढंल, नेम न्हाय. ऐकावंच लागतं."

शाहीर हसले. आत बघून त्यांनी चहा टाकायला सांगितला आणि मग दोघं जुन्या कार्यक्रमांबद्दल दुपारपर्यंत बोलत बसले. तो कारखान्यावरचा विसरलेला चौक शाहिरांना अजूनही नीट आठवत नव्हता.

गावात जायचं मानसिंगनं टाळलं नाही. पारावर बसून स्वतःच सांगितलं, की मी आता एका विडीवाल्या बाईच्या मागं झील धरतो. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. एकानं विचारलं, नाना, उतारवयात बढती मिळाली म्हणायची की. मानसिंग म्हणाला, बदली मिळाली, मागून घेतली. आणि पान खायला उठून गेला.

धनलक्ष्मीकडं रोज दुपारी बैठक व्हायला लागली. तिच्या मांडीवर सूप, समोर सिद्धाराम, आणि मानसिंग तिच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून, कारण त्याला खांदा दिसायला हवा. भांडणंही होतात. तो झील फार लांबवतो असं तिचं म्हणणं, माझी विड्यांची गड्डी बांधून होते तरी तुमचं संपत नाही म्हणते. तो कमी करतो. सव्वीस वर्षांत शाहिरांनी असं सांगितलं असतं तर तो चार दिवस रुसला असता.

परवा दिवाळीनंतर त्यांचा कार्यक्रम शहरातच झाला, दुपारचा, पाचशेवर बायका. बजाबाई आली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं गाणं कार्यक्रमात बसून कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी गावं लांबची, वेळ रात्रीची, आणि घरी जनावरं. ऋतुजानं तिला रिक्षानं आणून तिसऱ्या रांगेत बसवलं. धनलक्ष्मीनं त्या दिवशी नवीन पोवाडा काढला आणि दीड तासात मानसिंगनं तिची एकही ओळ तुटू दिली नाही.

घरी येऊन मानसिंग हातपाय धुऊन पाटावर बसला. बजाबाईनं भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली. तो वाट बघत होता, पण विचारत नव्हता. शेवटी विचारलंच, की कसं वाटलं.

"लई चांगलं गाती ती," बजाबाई म्हणाली. "डोळ्यात पानी आलं माझ्या. तुमी कुटं गात व्हता, मला कळलंच न्हाय."

मानसिंगचा चेहरा खुलला. मग त्यानं अजून एक भाकरी मागितली, आणि ती खाता खाता, दुसऱ्या चौकात धनलक्ष्मीचा खांदा कसा अचानक खाली आला ते सांगायला सुरुवात केली.